बगळ्याची झेप, फाऊल पाच

बास्केटबॉल माझ्याकडे आला तो अन्वस्त वक्रामुळे. १९९० साली आमच्या शाळेतले खेळाचे शिक्षक नोकरी सोडून परभणीला गेले. मागे दोन चेंडू, एक शिट्टी आणि नियमांचं एक पातळ पुस्तक राहिलं. मुख्याध्यापक सर्जेराव सरांनी मला बोलावलं.

"बाई, फेकलेली वस्तू कोणत्या मार्गानं जाते?"

"अन्वस्त मार्गानं," मी म्हणाले.

"मंग झालं तर. चेंडू फेकलेलाच असतो. मुलींचा संघ तुमच्याकडं."

अंकुशनगरला, साखर कारखान्याच्या वसाहतीतल्या मुलामुलींना मी भौतिकशास्त्र शिकवत होते. चेंडूशी माझा संबंध तो फळ्यावर काढण्यापुरताच होता. मी पुस्तक दोनदा वाचलं आणि टेप घेऊन मैदानावर गेले. रिंगची उंची तीन मीटर पाच सेंटिमीटर हवी. आमची तीन मीटर दोन भरली. ही गोष्ट मी सरांना लेखी कळवली. त्यांनी कागदावर "पाहिले" असं लिहून सही केली.

संघात दहा मुली होत्या. कर्णधार बेबीनंदा दहावीत होती आणि इतकी उंच, की ती उत्तर द्यायला उभी राहिली की मागच्या दोन बाकांना फळा दिसत नसे. नववीतली कमरुन्निसा सगळ्यांत बुटकी आणि सगळ्यांत चपळ. तिला सगळे कमरू म्हणत. तिच्या हातातून चेंडू सुटलेला मी फक्त एकदा पाहिला, आणि तेव्हा तिला शिंक आली होती.

पहिले तीन दिवस वाया गेले. "शरीराचा गुरुत्वमध्य खाली ठेवा," असं मी सांगे. मुली आदरानं ऐकत आणि होत्या तशाच उभ्या राहत. चौथ्या दिवशी कुंपणापलीकडून आवाज आला. कमरूचे वडील सिराजोद्दीन पाळी संपवून सायकल धरून उभे होते. ते कारखान्यात फिटर होते.

"बाई, बोलू का? त्यांना घोडा म्हणा."

"काय म्हणू?"

"घोडा. रविवारच्या चिनी पिक्चरमधी बैठक घेतात ना, घोड्यावर बसल्यासारखी. म्हणून तर पाहा."

मी म्हटलं. दहाच्या दहा मुलींनी पाय रुंद केले, गुडघे वाकवले आणि पाठ ताठ ठेवली. गुरुत्वमध्य माझ्या अंदाजानं पंधरा सेंटिमीटर खाली गेला.

इथं रविवारबद्दल सांगायला हवं. वसाहतीच्या क्लबात दर रविवारी दुपारी व्हिडिओ लावत. कॅसेट आणणाऱ्या माणसाच्या आवडीमुळं महिन्यातले तीन रविवार चिनी मारामारीचे असत. बोलणं चिनी, खाली इंग्रजी अक्षरं, तीही अर्धी पडद्याबाहेर गेलेली. भाषा कोणालाच कळत नव्हती, त्यामुळं गोष्टीबद्दल कोणाचं दुमत नसे. पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा असे. त्याचा शिष्य पाण्याचे घडे घेऊन डोंगराच्या पायऱ्या चढे. शेवटी पुष्कळ लोक आडवे होत. बाया, पोरं, पाळीवरून आलेले कामगार, सगळे सतरंजीवर बसून पाहत. मी मागच्या खुर्चीवरून पाही.

दुसऱ्या दिवसापासून सिराजभाई शिकवायला येऊ लागले. जबाबदारी माझी होती, म्हणून मी त्यांची पात्रता विचारली.

"हैदराबादला एका चिनी डॉक्टरकडं शिकलो," ते म्हणाले.

"किती दिवस?"

"तीन. दातांचे डॉक्टर होते. दोन दाढा काढायला गेल्तो. पण बाहेर बसायच्या खोलीत भिंतीवर बारा चित्रं होती, एकेक पवित्रा. तीन दिवस तेच पाहत बसलो. दाढ दुखत असली की ध्यान बराबर लागतं, बाई."

मी पुस्तक वाचून शिकवत होते. त्यांनी निदान चित्रं पाहिली होती. मी हरकत घेतली नाही.

एक पाय रोवून दुसऱ्यानं फिरायचं, त्याला पुस्तकात पिव्हट म्हटलं होतं. सिराजभाईंच्या भाषेत तो खांब. चेंडू जमिनीलगत डावीउजवीकडं वळवत न्यायचा, तो साप. रिंगला लागून परतलेला चेंडू उडी मारून दोन्ही पंजांनी ओढून घ्यायचा, तो वाघ. डावीकडं झोक गेल्यासारखं करायचं आणि उजवीकडून निघून जायचं, तो दारुड्या. हा मुलींना एका दिवसात आला, कारण त्याचा नमुना पाहायला रविवारची वाट बघावी लागत नव्हती. कोपरं वाकवून, हात छातीपुढं धरून समोरचीला अडवायचं, त्यासाठी चित्रात एक हिरवा किडा होता. सिराजभाईंना त्याचं नाव येत नव्हतं.

"हा तर खंडोबाचा घोडा," बेबीनंदा म्हणाली.

"घोडा आधीच झालाय," कमरू म्हणाली.

"मंग हा खंडोबाचा. पहिला आपला साधा."

सगळ्यांत देखणा होता बगळा. पळत येऊन दोन पावलं, मग एका पायावर झेप, दुसरा गुडघा पोटाशी, एक हात उंच, आणि चेंडू फळीला टेकवून अलगद जाळीत. पुस्तकात याला ले-अप म्हणतात. दहाजणींत तो कमरूलाच नीट जमे. शेजारच्या उसाच्या फडात खरे बगळे उतरत. सिराजभाई मुलींना कुंपणाशी नेऊन ते दाखवत आणि म्हणत, "बघा, घाई करून राह्यला का तो?"

मी आलेखवहीत तीन रकाने आखले. पुस्तक काय म्हणतं, सिराजभाई काय म्हणतात, भौतिकशास्त्र काय म्हणतं. सत्तावीस नोंदी झाल्या. त्यांतल्या एकवीस ठिकाणी तिन्ही रकाने जुळत होते. उरलेल्या सहांत सिराजभाई आणि भौतिकशास्त्र एका बाजूला होते आणि पुस्तक एकटं पडलं होतं. हे मी सिराजभाईंना सांगितलं. पुढं त्याचा त्यांनी कसा उपयोग केला ते येईलच.

एक दोष मात्र मला काढता आला नाही. चिनी पिक्चरमध्ये नायकाला दहा जण घेरतात, पण अंगावर एका वेळी एकच जातो. बाकीचे भोवती फिरत आपल्या पाळीची वाट पाहतात. आमच्या मुलींचा बचाव तसाच होता. समोरच्या चेंडूवालीवर एक मुलगी धावून जाई. उरलेल्या चौघी घोड्याच्या बैठकीत, हात हलवत, सावकाश गोल फिरत.

"सगळ्या मिळून का अडवत नाही?" मी बेबीनंदाला विचारलं.

"एकीवर पाच जणी? बरं दिसतं का ते, बाई?"

पहिली धावून जायचा मान चपळ म्हणून कमरूला मिळाला होता. बहुतेक वेळा दुसरीवर पाळीच येत नसे.

कमरूच्या खेळण्याला एकच अडसर होता, तिची आजी अकबरबी. वसाहत त्यांना दादी म्हणे. सत्तरीच्या पुढच्या, काटक, दोन्ही गुडघे दुखणाऱ्या. त्यांची कशालाच बंदी नव्हती. कमरू सायकल चालवत असे, कालव्यात पोहत असे. फक्त प्रत्येक गोष्टीला दादी एक प्रश्न विचारत: "उपयोग काय?" सायकलीवरून दळण आणता येतं. पोहता आलं तर माणूस बुडत नाही. क्वार्टरपुढचा गुलाब मात्र त्यांनी उपटून तिथं मिरच्या लावल्या होत्या. आणि चेंडूच्या मागं धावणं त्यांच्या मते कुत्र्याच्या पिल्लाचं काम होतं, तेही पिल्लू असेपर्यंतच.

"मग त्यांनी कमरूला परवानगी कशी दिली?" मी सिराजभाईंना विचारलं.

सिराजभाई सायकलीची साखळी पाहू लागले. "अम्मीला म्हटलं, हा खेळ न्हाई, विद्या आहे. चिनी विद्या. ती रविवारी सगळ्यात पुढं बसती, माहितीये ना तुम्हाला."

"आणि चेंडू?"

"चेंडू म्हणजे घडे. तो शिष्य घडे घेऊन पायऱ्या चढतो ना? इथं रोज दहा घडे फुटले तर आणायचे कुठून? म्हणून चेंडू."

"सिराजभाई, हे खोटं आहे."

"कसं काय? एकवीस ठिकाणी जुळतंय म्हणून तुम्हीच सांगितलं."

सत्तावीसपैकी एकवीस हे प्रमाण लहान नाही.

डिसेंबरात जालन्याला जिल्ह्याच्या स्पर्धा होत्या. त्यांच्या आदल्या आठवड्यात कमरू प्रयोगशाळेत आली आणि दाराशीच उभी राहिली.

"बाई, दादी जालन्याला येऊन राह्यली. सामना पाहायला."

"येऊ देत की."

"ती म्हणती, विद्या असंल तर कर. चेंडूचा खेळ निघाला तर सोमवारपासून पाच वाजता शिलाईचा क्लास. नाव घालून ठेवलंय तिनं माझं." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "शिलाईचा उपयोग आहे ना, बाई. मला तिच्यापुढं काही बोलताच येणार न्हाई."

"मी काय करू?"

"तुम्ही तिच्याजवळ बसा. ती विचारंल तेव्हा खोटं बोलू नका. अन् खरंबी सांगू नका."

"या दोन्हींच्या मधे काय असतं, कमरू?"

"ते तुम्हालाच माहीत असंल. तुम्ही बी.एस्सी. आहात."

स्पर्धेच्या दिवशी सिराजभाईंची पाळी ऐनवेळी बदलली. बदलून घेतली, असं नंतर कळलं. एसटीत दादी माझ्या शेजारी बसल्या, मांडीवर कापडी पिशवी घेऊन. आमच्या वडीगोद्रीच्या थांब्यापासून अंबडपर्यंत त्यांनी पिशवीतली मोसंबी दोनदा मोजली. अंबड सोडल्यावर त्यांनी विचारलं, "तो दाढीवाला बुढ्ढा मागच्या रविवारी मेला का फक्त झोपला?"

"मला वाटतं मेला."

"न्हाई. छाती हलत होती." दादींची नजर माझ्यापेक्षा बारीक होती, हे माझ्या लक्षात आलं आणि मला थोडी धास्ती वाटली.

सामना जालन्याच्याच एका शाळेशी होता. त्यांच्या मुली सारख्या रंगाच्या बुटांत होत्या. आमच्या मुली होत्या त्या बुटांत होत्या. मी बाकावर बसले आणि दादींसाठी माझ्या शेजारी जागा केली. पंचांनी चेंडू वर फेकला, बेबीनंदानं तो मागं टोलवला आणि आमच्या चौघीजणी सवयीनं घोड्यात बसल्या.

"बैठक चांगली आहे," दादी म्हणाल्या.

"हो," मी म्हणाले. बैठक खरोखर चांगली होती.

"ती लंबी एका पायावर का गरगर फिरून राह्यली?"

"एक पाय रोवलाय. तो हलला तर चूक धरतात."

"बराबर. पाय सुटला की माणूस गेला. बुढ्ढा पायऱ्यांवर हेच दाखवत होता."

"दाखवत होता," मी म्हणाले. मी तो भाग पाहिला होता.

कमरू साप घेऊन निघाली. चेंडू तिच्या घोट्याच्या वर जात नव्हता. समोरची मुलगी वाकली, तशी कमरू डावीकडं झोकांडली, मुलगी तिकडं धावली, आणि कमरू उजवीकडून निघाली. दोन पावलं, झेप, गुडघा पोटाशी. चेंडू फळीला लागून जाळीतून खाली आला.

"दारुड्या, मंग बगळा," दादी हळूच म्हणाल्या. मला न विचारता. त्यांच्या गालाची एक सुरकुती हलली.

पहिली पाचेक मिनिटं समोरच्या संघाला काही सुचलं नाही. त्यांच्या मुलीच्या हातात चेंडू येई, कमरू तिच्यावर धावून जाई आणि चार अनोळखी मुली हात हलवत तिच्याभोवती फिरू लागत. एकीनं घाबरून चेंडू पंचांकडेच फेकला. मग त्यांच्या शिक्षिकेनं त्यांना बोलावून काहीतरी सांगितलं. काय सांगितलं असेल ते उघड होतं: त्या चौघी काही करत नाहीत. त्यानंतर आमच्यावर गुण चढू लागले.

"ते आकडे कशाचे?" दादींनी फलकाकडं बोट केलं. आकडे त्यांना येत.

या प्रश्नाची मी रात्रभर तयारी केली होती. "चेंडू जाळीतून गेला की एका वेळचे दोन लिहितात."

"म्हणजे घडे किती भरले ते." त्यांनी फलकावरचं लक्ष काढून घेतलं. "पाणी कोणीपण भरतं. मारामारीचं कुठं लिहितात?"

मी विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं. खेळाडूनं दुसरीला धक्का दिला, पाडलं, हात ओढला, याची नोंद खरोखर होते.

"ते त्या टेबलावरच्या वहीत. प्रत्येकीच्या नावापुढं वेगळं."

उत्तराचा शब्द न् शब्द खरा होता. ते दिल्यावर मला समजलं की मी काय केलं.

दादी टेबलाकडं वळून बसल्या. तेवढ्यात जालन्याची एक उंच मुलगी रिंगखाली उडी मारायला गेली आणि कमरू तिच्यावर आदळली. दोघी पडल्या; कमरू आधी उठली. शिट्टी झाली. पंचांनी हात वर केला, कमरूचा नंबर बोटांनी दाखवला, आणि टेबलावरच्या माणसानं १ लिहिलेली पुठ्ठ्याची पाटी उचलून धरली.

"कमरूच्या नावावर लिहिला?"

"हो."

"पहिला का?"

"पहिला."

मग ती पडलेली मुलगी रेषेवर उभी राहिली, बाकीच्या दोन्ही बाजूंना रांगेत थांबल्या, सगळीकडं शांतता झाली, आणि तिला कोणीही न अडवता दोन वेळा चेंडू टाकू दिला.

"हे काय?"

"जिला पाडलं तिला हे देतात."

"चांगलं करतात. तिची पण समजूत घालायला पाहिजे." दादींनी पदर सावरला. "शिस्त आहे."

आता त्या चेंडू बघेनाशा झाल्या. त्या फक्त कमरू आणि पाट्या बघत. आमचा बचाव तसा असल्यामुळं धावून जाणारी नेहमी कमरूच, त्यामुळं शिट्टीही नेहमी तिच्यावरच. मध्यंतराच्या आधी दुसरी पाटी लागली, नंतर लगेच तिसरी.

"त्या लंबीच्या नावावर किती?"

"बेबीनंदाच्या? एकही नाही."

"तिच्या आईला वाईट वाटत असंल," दादी म्हणाल्या.

चौथ्या पाटीनंतर मी कमरूला बाजूला बोलावलं. "हात लावू नकोस. आता एकही नको. पाचवा झाला की बाहेर." तिनं मान हलवली. तिचं अर्धं लक्ष दादींकडं होतं. "बाई, दादी काय म्हणून राह्यली? तिला कळलं का?"

"काय कळलं ते मला नीट सांगता येणार नाही," मी म्हणाले, आणि हे त्या दिवसातलं माझं सगळ्यांत अचूक विधान होतं.

सामना संपायला चार मिनिटं होती. त्यांची सगळ्यांत दणकट मुलगी चेंडू घेऊन सरळ आली. आमच्या चौघी फिरत होत्या. कमरूनं स्वतःला थांबवायचा प्रयत्न केला, हे मी पाहिलं. हात तिनं पाठीमागं बांधून घेतले होते. पण पाय आधीच निघाले होते. दणकट मुलगी गेली एकीकडं, बूट गेला दुसरीकडं, चेंडू प्रेक्षकांत. शिट्टी झाली. टेबलावरच्या माणसानं ५ ची पाटी उचलली आणि सगळ्यांना दिसावी म्हणून डावीउजवीकडं फिरवली. समोरच्या संघानं टाळ्या वाजवल्या.

कमरू बाकाकडं आली आणि तिथं ठेवलेल्या ओढणीत तिनं चेहरा लपवला. ती रडत होती.

दादी काठी टेकून उभ्या राहिल्या. "पाच पाडल्या. आता बस म्हणले का तिला?"

"हो. पाच झाल्यावर बसवतात. मग परत जाता येत नाही."

"बाकी कोणाचे पाच झाले?"

"कोणाचेच नाही."

त्यांनी कमरूला जवळ बसवलं आणि ओढणीनं तिचं नाक पुसलं. "खुशीनं रडून राह्यली," त्या मला म्हणाल्या. मी दुजोरा दिला नाही. कमरूनं ओढणीतून एक डोळा बाहेर काढून माझ्याकडं पाहिलं. आम्ही चौतीसाला दहा असे हरलो.

परतीच्या एसटीत मी बेचैन होते. एकेक वाक्य तपासून पाहिलं. प्रत्येक खरं होतं. सगळ्यांची बेरीज खोटी येत होती. प्रयोगवहीत एखादी मुलगी असं करून आली असती, तर मी तिला ती वही परत लिहायला लावली असती. कमरू पुढच्या बाकावर होती. दादी मोसंबी सोलत होत्या. अंबड यायच्या आत मी बोलायचं ठरवलं. शिलाईचा क्लास डोळ्यांपुढं होता, तरी ठरवलं.

"दादी, तुम्हाला एक सांगायचंय. तो चेंडूचाच खेळ आहे."

पुढच्या बाकावरच्या दोन वेण्या ताठ झाल्या.

"चेंडू जाळीत टाकायचा, एवढंच त्यात असतं. फलकावरचे आकडे महत्त्वाचे. आपण हरलो. आणि कमरूच्या नावापुढं जे पाच लिहिले, त्या चुका होत्या. पाच चुका झाल्या की खेळाडूला बाहेर काढतात."

दादींनी मोसंबीची एक फोड तोंडात टाकली आणि बी काढून हातात ठेवली. "चुका?"

"हो."

"शिट्टी वाजवून, हात वर करून, पाटी फिरवून सांगितल्या?"

"तशी पद्धत आहे."

"बाई, चूक झाली तर माणूस झाकतो. आमचा सिराज सातवीत तीन वेळा बसला. मी मोहल्ल्यात पाटी फिरवली का?"

"नाही. पण खेळात—"

"अन् टाळ्या? त्या तर त्यांच्या पोरींनी वाजवल्या."

"कमरू आता परत येणार नाही, म्हणून वाजवल्या."

"भ्याल्या होत्या म्हणा की."

हे बऱ्याच अंशी खरं होतं. "दादी, मी खरं सांगते आहे. मी अजून कोणाला खोटं सांगितलेलं नाही."

दादींनी उरलेल्या मोसंबीतली निम्मी माझ्या हातावर ठेवली आणि माझी बोटं मिटवली. "तुम्ही बराबर सांगून राह्यल्या. उस्ताद असाच असतो. तो बुढ्ढा पण पहिले काय करतो? कोणी विचारायला आलं की हात हलवतो, मान हलवतो, मला काही येत न्हाई, मी तर इथं झाडू मारतो. विद्या असणारा माणूस बाजारात ओरडत न्हाई. मी आज सकाळपासून पाहून राह्यली, तुम्ही मोजून बोलून राह्यल्या. तेव्हाच समजली मी."

मी पुन्हा एकदा, सुरुवातीपासून, मुद्देसूद समजावलं. त्या प्रत्येक मुद्द्याला प्रेमानं मान हलवत होत्या. जितकं नाकारावं तितकी त्यांची खात्री वाढत होती. प्रयोगात असं कधी होत नाही. वडीगोद्री आलं तेव्हा मी थांबले.

"ए कमरू," दादींनी काठीनं पुढच्या बाकाला टोचलं. "शिलाईवालीला जाऊन सांग, जमत न्हाई म्हणून. पाच वाजता हिला तालीम असते."

कमरू वळली नाही. पण तिच्या शेजारी बसलेल्या बेबीनंदाला तिनं असं कोपर मारलं, की पंच असते तर शिट्टी वाजली असती.

जानेवारीत परतूरला दुसरा सामना झाला. मधल्या पाच आठवड्यांत मी मुलींचा बचाव बदलला. एकीवर पाच जणी जाणं बरं दिसत नाही, पण नियमात बसतं, हे बेबीनंदाला पटवायलाच दहा दिवस गेले. कमरूला मी हात आवरायला शिकवलं. त्या सामन्यात कमरूचे सहा बगळे जाळीतून गेले, फाऊल फक्त दोन झाले, आणि आम्ही अठराला सोळा असा सामना जिंकलो. शाळेच्या इतिहासातला पहिला.

दादींचे गुडघे धरले होते म्हणून त्या आल्या नव्हत्या. मी स्वतः कमरूला घेऊन त्यांच्याकडं गेले. त्या दारात बसून मिरच्या निवडत होत्या आणि सिराजभाई बाजूला सायकल पुसत होते. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं आणि पहिलाच प्रश्न केला.

"किती पाडल्या?"

"दोन," मी म्हणाले. "पण दादी, आपण जिंकलो. बारा गुण एकट्या कमरूचे."

"घडे राहू द्या. दोनच?"

"दोन."

त्यांनी सूप खाली ठेवलं आणि कमरूच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. मग त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. वसाहतीच्या शाळेत इन्स्पेक्टर आले तेव्हासुद्धा मी एवढी अवघडले नव्हते.

"तुमचा काही कसूर न्हाई, बाई," त्या म्हणाल्या. "तुम्ही विद्या देता. पण हात ढिला आहे तुमचा. सिराज, उद्यापासून मला पाच वाजता सायकलवर बसवून मैदानावर सोडत जा."